साठीनंतरची शर्यत : नाव नोंदवावे की नाही?

तमिळनाडूतील कुंभकोणम शहरापासून सुमारे चार किलोमीटरवर दारासुरम् हे गाव आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात उभारलेल्या ऐरावतेश्वर मंदिरासाठी ते ओळखले जाते. २००४ मध्ये या मंदिराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तंजावरच्या मराठी राजवटीच्या काळात या परिसरात आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही येथे आढळतात. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाणपद भूषविलेल्या सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच झाला होता.

या गावात राहणाऱ्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या ६३ वर्षांच्या एका गृहस्थाची आपण कल्पना करू. गेली दोन वर्षे ते रोज पहाटे चालतात. रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे. चेन्नईत नोकरी करणाऱ्या मुलाने जानेवारीतील तेथील रस्ता शर्यतीत स्वतःचे नाव नोंदविले असून, ‘दहा किलोमीटरच्या गटात तुम्हीही या,’ असा आग्रह तो वडिलांना करीत आहे. या गृहस्थांनी काय करावे?

उदाहरण कल्पित असले, तरी प्रश्न कल्पित नाही. मुंबई, पुणे, सातारा आणि कोल्हापूरपासून बंगळूर व चेन्नईपर्यंत रस्ता शर्यतींची संख्या गेल्या दोन दशकांत झपाट्याने वाढली असून, त्यांत भाग घेणाऱ्या ज्येष्ठांची संख्याही लक्षणीय आहे. दारासुरम् मुद्दामच निवडले आहे. धावण्याविषयीचा बहुतेक सल्ला महानगरांतील, आणि त्यातही थंड हवेच्या देशांतील, धावपटूंना समोर ठेवून लिहिलेला असतो. कावेरीच्या खोऱ्यातील लहानशा गावात राहणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

<b>धोका नेमका किती?</b>

या विषयावरील चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. घरातील मंडळी ‘या वयात हा कसला म्हातारचळ’ असे म्हणतात. दुसरीकडे, ‘वय हा केवळ एक आकडा आहे’ हे वाक्य दरवर्षी जानेवारीत इंग्रजी बातम्यांतून मराठीत आणण्याची वेळ आम्हा भाषांतरकारांवर येते. ही दोन्ही विधाने अपुरी आहेत, हे उपलब्ध आकडेवारीवरून दिसते.

अमेरिकेतील संशोधकांनी २००० ते २०१० या काळात तेथील मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन शर्यतींत धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांची माहिती तपासली होती. त्यांचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात शर्यतीदरम्यान किंवा त्यानंतर लगेच ५९ जणांची हृदयक्रिया बंद पडली आणि त्यांपैकी ४२ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे साधारणपणे १ लाख ८४ हजार स्पर्धकांमागे अशी एक घटना घडली. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखामागे सुमारे एक होते, तर अर्धमॅरेथॉनमध्ये ते त्याच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतके होते. स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांमधील प्रमाण पाचपटीहून अधिक आढळले.

याच विषयावरील पुढचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१० ते २०२३ या काळात शर्यत पूर्ण करणाऱ्या सुमारे २ कोटी ९३ लाख स्पर्धकांचा विचार करण्यात आला. हृदयक्रिया बंद पडण्याच्या १७६ घटना आढळल्या आणि ५९ मृत्यू झाले. घटनांचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले असताना मृत्यूचे प्रमाण मात्र निम्म्यावर आले, हा या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष होय. कोसळलेल्या माणसाची छाती तत्काळ दाबून सीपीआर देणे आणि हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र हाताशी असणे, या दोन गोष्टींमुळे हा फरक पडला असे संशोधकांचे मत आहे.

या आकड्यांवरून आपल्या ६३ वर्षांच्या गृहस्थांनी लगेच निश्चिंत होऊ नये. २०१२ च्या अहवालातील, हृदयक्रिया बंद पडलेल्या स्पर्धकांचे सरासरी वय ४२ होते. साठीपुढच्या स्पर्धकांसाठी वेगळा हिशेब त्यातून मिळत नाही. शिवाय दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. ५२ देशांमध्ये झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणानुसार, पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर इतर देशांत सुमारे ५९ होते. २०२५ च्या अभ्यासात, ज्या स्पर्धकांच्या बाबतीत कारण निश्चित करता आले त्यांच्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार हेच सर्वाधिक आढळलेले कारण होते.

मुंबई मॅरेथॉनमध्ये अशा दुर्दैवी घटना घडल्या आहेत. जानेवारी २०२० मध्ये ६४ वर्षांच्या एका स्पर्धकाचा, तर जानेवारी २०२४ मध्ये ७४ आणि ४६ वर्षांच्या दोन स्पर्धकांचा मृत्यू झाला. दर वर्षी पन्नास हजारांच्या आसपास लोक ज्या उपक्रमात भाग घेतात, त्यातील या घटना आहेत, हे लक्षात घ्यावयास हवे. धोका लहान आहे, पण तो सर्वांसाठी सारखा लहान नाही. आपण त्यातील कोणत्या बाजूला आहोत, हे शक्य तितके आधी जाणून घेणे, हा निर्णयाचा पहिला भाग ठरतो.

<b>ज्यांनी नाव नोंदविले</b>

तमिळनाडूतच एक ठळक उदाहरण आहे. १९५९ मध्ये जन्मलेले मा. सुब्रमणियन हे २००६ ते २०११ या काळात चेन्नईचे महापौर होते आणि २०२१ मध्ये ते राज्याचे आरोग्यमंत्री झाले. २००४ मधील रस्ता अपघातात त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली होती. पन्नाशी ओलांडल्यावर ते धावण्याकडे वळले आणि पुढे शंभराहून अधिक अर्धमॅरेथॉन शर्यती त्यांनी पूर्ण केल्या. ते मंत्री असताना, नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील सर्व जिल्ह्यांत आठ किलोमीटरचे चालण्याचे मार्ग निश्चित करण्याची योजना सुरू झाली. मार्ग चालण्यासाठी आखण्यात आले, धावण्यासाठी नव्हे. ही बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने सूचक वाटते.

महाराष्ट्रातील वाचकांना लता करे यांचे नाव आठवेल. २०१३ मध्ये बारामती येथील शरद मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी साडीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर गटात पहिल्या आल्या. आजारी पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी शर्यतीत भाग घेतला होता. नंतरही त्यांनी ही शर्यत जिंकली. त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही कथा सांगताना जिद्दीवर भर दिला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि, तिच्यात दोन गोष्टी अशा आहेत ज्यांचा उल्लेख क्वचितच होतो. लताबाईंचे आयुष्य शेतात मजुरी करण्यात गेले होते. सराव हा शब्द न वापरता त्यांचा सराव वर्षानुवर्षे चालू होता. दुसरे म्हणजे, शर्यत तीन किलोमीटरची होती. कार्यालयात तीस वर्षे बसून काम केलेल्या माणसाने त्यांचे उदाहरण घेऊन एकदम २१ किलोमीटरच्या गटात नाव नोंदविणे, हे त्या उदाहरणाचे अनुकरण ठरत नाही. पैशाची निकड नसती, तर अनवाणी धावण्याचा निर्णय त्यांनी घेतला असता का, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे.

परदेशात दीर्घकाळ राहिलेले फौजा सिंग यांनी लंडन मॅरेथॉनमध्ये प्रथम भाग घेतला तो २००० मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी. ऑक्टोबर २०११ मध्ये टोरांटो येथील मॅरेथॉन त्यांनी ८ तास ११ मिनिटांत पूर्ण केली, तेव्हा पारपत्रानुसार त्यांचे वय १०० होते. जन्मदाखला नसल्याने गिनेसने या विक्रमाची नोंद केली नाही. २०१३ मध्ये हाँगकाँग येथील दहा किलोमीटरच्या दौडीनंतर त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती घेतली, चालणे मात्र सोडले नाही. १४ जुलै २०२५ रोजी जालंधर जिल्ह्यातील आपल्या गावाजवळ रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. ज्येष्ठ धावपटूच्या जिवाला असलेला धोका प्रत्येक वेळी हृदयातूनच येतो असे नाही. दारासुरम् येथून तंजावरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने पहाटेच्या अंधारात सराव करणाऱ्याने बस व दुचाकींचा विचार हृदयाइतकाच गांभीर्याने केला पाहिजे. वाहनांच्या समोरून, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने धावणे आणि प्रकाश परावर्तित करणारा पट्टा अंगावर असणे, ही त्यातली किमान खबरदारी होय.

कॅनडाचे एड व्हिटलॉक हे मात्र निराळ्या कोटीतील धावपटू होते. सत्तरी ओलांडल्यावर तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिलेच. २००४ मध्ये ७३ व्या वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ नोंदविली. घराजवळच्या दफनभूमीतील लहानशा मार्गावर ते रोज तासन्‌तास संथ गतीने धावत असत. त्यांच्याकडून सर्वसामान्य ज्येष्ठांनी घ्यायचे ते एवढेच, की शर्यतीतील वेगापेक्षा सरावातील सातत्य अधिक महत्त्वाचे.

<b>शरीर काय सांगते</b>

प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते, असे मानले जाते. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घट कमी असते. स्नायू क्षीण होतात, तोल सांभाळणे अवघड जाते, श्रमानंतरची विश्रांती अधिक लागते. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंचा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पाठपुरावा केला, तेव्हा १९ वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर तुलनेसाठी निवडलेल्या गटातील ३४ टक्के लोकांचा मृत्यू झालेला आढळला. मुळात निरोगी असलेलेच लोक धावायला निघतात, हा आक्षेप अशा अभ्यासांवर नेहमीच घेता येतो आणि तो पूर्णपणे दूर होत नाही.

गुडघ्यांविषयीची भीती सार्वत्रिक आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के, बैठी जीवनशैली असणाऱ्यांपैकी १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांपैकी १३.३ टक्के लोकांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. माफक धावण्याने गुडघे झिजतात या समजाला त्यामुळे फारसा आधार उरत नाही. अर्थात, ज्याचा गुडघा आधीच सुजतो किंवा जिना उतरताना दुखतो, त्याला या आकडेवारीचा उपयोग नाही. त्याने अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे.

लंडन मॅरेथॉन प्रथमच धावणाऱ्या १३८ निरोगी व्यक्तींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सहा महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्या महारोहिणीचा ताठरपणा कमी झाला होता. रक्तवाहिन्यांचे वय जणू चार वर्षांनी घटले, असे संशोधकांनी म्हटले. सर्वाधिक लाभ झाला तो वयाने मोठ्या आणि संथ धावणाऱ्या पुरुषांना. हा लाभ सरावाचा होता. शर्यतीच्या दिवसाने त्यात किती भर घातली, हे त्यातून कळत नाही. शर्यतीत नाव नोंदविण्याचा खरा उपयोग, माझ्या मते, येथे आहे : ती तारीख माणसाला सहा महिने पहाटे उठवते.

आता तपासणी. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या संस्थेने २०१५ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत वयाऐवजी चार बाबींना महत्त्व दिले आहे. माणूस सध्या नियमित व्यायाम करतो का. त्याला हृदय, मूत्रपिंड अथवा मधुमेहासारखा ज्ञात विकार आहे का. तशी काही लक्षणे जाणवतात का. आणि त्याला किती तीव्रतेचा व्यायाम करावयाचा आहे. चालताना छातीत दडपण येणे, डावा हात किंवा जबडा दुखणे, चक्कर येणे, नेहमीच्या श्रमाने पूर्वीपेक्षा अधिक धाप लागणे, छातीत अकारण धडधडणे, यांपैकी काहीही जाणवत असल्यास नाव नोंदविण्याचा विचार डॉक्टरांची भेट होईपर्यंत बाजूला ठेवावा. ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून दुर्लक्षिलेली लक्षणे नंतर महागात पडतात.

आपल्या गृहस्थांना लक्षणे नाहीत, परंतु रक्तदाब आहे आणि चालण्यावरून धावण्याकडे जावयाचे आहे. त्यांनी डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच आहे. रक्तदाब, साखर, मेदाचे प्रमाण आणि ईसीजी या साध्या तपासण्या गावात किंवा कुंभकोणम येथे होऊ शकतात. ट्रेडमिलवरील ताणचाचणी करावयाची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे. ही चाचणी निर्दोष आली म्हणजे रक्तवाहिन्यांत मेदाचा थर नाहीच, असा अर्थ होत नाही. हा थर फारसा अडथळा निर्माण न करताही फुटू शकतो. प्रमाणपत्र हाती आले तरी स्वतःच्या लक्षणांकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी संपत नाही, ती याचमुळे.

डॉक्टरांना विचारण्याचा एक प्रश्न मात्र हमखास राहून जातो. तो म्हणजे औषधांचा. रक्तदाबावरील बीटा ब्लॉकर गटातील औषधे नाडीचा वेग वाढू देत नाहीत. त्यामुळे २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल ठोक्यांचा आकडा (आपल्या उदाहरणात १५७) अशा माणसाला निरुपयोगी ठरतो. त्याने दमावरून अंदाज घ्यावा : धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या उष्ण हवेत शरीरातील पाणी व क्षार आणखी घटवू शकतात. मधुमेहावरील इन्शुलीन व काही गोळ्यांमुळे धावताना किंवा त्यानंतर काही तासांनीही साखर एकदम उतरू शकते. सांधेदुखीसाठी शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय अनेकांना असते. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून टाळावी.

<b>कावेरीकाठचे हवामान आणि जानेवारीची तारीख</b>

दारासुरम् परिसर सपाट आहे. सरावाच्या सुरुवातीला ही सोय वाटते. पण मुंबईतील पेडर रोडसारख्या चढावर शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्याची त्रेधा उडते. मार्गाचा नकाशा आधी पाहणे आणि जवळ चढ नसल्यास पुलाच्या चढाचा किंवा जिन्याचा उपयोग करणे, एवढे करता येते.

उष्णता आणि आर्द्रता हा अधिक गंभीर विषय आहे. वयानुसार घाम येण्याची क्षमता आणि तहानेची जाणीव दोन्ही मंदावतात. हवा दमट असेल तर आलेला घामही वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तंजावर भागात एप्रिल ते जूनमध्ये सराव करावयाचा तर सूर्योदयापूर्वीच आटोपावा लागतो. जानेवारीतील शर्यतीसाठी जुलै-ऑगस्टमध्ये सुरुवात केली, तर सरावाचे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे आठवडे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, म्हणजे ईशान्य मान्सूनच्या पावसात येतात. मुंबई-पुण्याच्या धावपटूचा पाऊस तोपर्यंत संपलेला असतो. याच दिवसांत डेंग्यू आणि चिकुनगुन्यासारखे तापही येतात. ताप असताना आणि तो उतरल्यावर लगेच धावणे टाळावे. विषाणूसंसर्गामुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असल्यास असे श्रम प्राणघातक ठरू शकतात. चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी तर कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून वेळापत्रक आखताना तीन-चार आठवडे वाया जातील असेच गृहीत धरावे.

प्रत्यक्ष सरावाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. ज्येष्ठांनी त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम करावेत, असेही तीत म्हटले आहे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे आणि टाचा उचलणे यांनी सुरुवात करता येते. चालताना मधूनमधून एक मिनिट धावणे, मग दोन मिनिटे, अशी वाढ आठवड्यांच्या हिशेबाने करावी, दिवसांच्या नव्हे.

पाण्याबाबत पूर्वी ‘जितके जास्त तितके चांगले’ असे सांगितले जाई. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीच्या दिशेने घटलेले आढळले. शर्यतीत वजन वाढेल इतके पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. आता तहान लागेल तसे प्यावे, असे सांगितले जाते. ज्येष्ठांची तहान मंद असल्याने त्यांनी सरावाच्या आधी व नंतर वजन करून आपल्याला साधारण किती पाणी लागते, हे ओळखून ठेवणे उपयुक्त ठरेल.

<b>कोणती शर्यत, आणि केव्हा माघार</b>

अंतराचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. ताशी पाच किलोमीटर वेगाने चालणाऱ्यास दहा किलोमीटरला दोन तास लागतात. किलोमीटरला आठ मिनिटे या संथ धावेने तेच अंतर ८० मिनिटांत संपते. त्याहून थोडा कमी, किलोमीटरला साडेआठ मिनिटांचा वेग धरला, तर अर्धमॅरेथॉनला तीन तासांना एक मिनिट कमी लागेल. तोपर्यंत ऊन वर आलेले असते आणि अनेक ठिकाणी रस्ता वाहतुकीस खुला करण्याची वेळही जवळ आलेली असते. मुंबई मॅरेथॉनमध्ये ६० वर्षांवरील नागरिकांसाठी सुमारे चार किलोमीटरची स्वतंत्र दौड असते आणि मोठ्या अंतरांसाठी पूर्वीच्या शर्यतीतील वेळेचा पुरावा मागितला जातो. हा नियम जाचक वाटतो खरा; पण न झेपणाऱ्या अंतरापासून तो अनेकांना वाचवितो.

नाव नोंदविण्यापूर्वी आयोजकांना विचारण्यासारखे प्रश्न आहेत, आणि ते विचारण्यात संकोच नसावा. मार्गावर रुग्णवाहिका किती अंतराने आहेत? झटका देणारे यंत्र कोठे आहे? स्वयंसेवकांना सीपीआरचे प्रशिक्षण दिले आहे का? सुरुवात किती वाजता? २०२५ च्या अभ्यासाने दाखविल्याप्रमाणे, कोसळलेला माणूस वाचतो की नाही, हे त्याच्या हृदयाइतकेच पहिल्या काही मिनिटांत भोवती कोण आहे यावर अवलंबून असते. लहान गावांत सणानिमित्त किंवा वाढदिवसानिमित्त भरणाऱ्या शर्यतींचे नोंदणीशुल्क कमी असते, कधी नसतेच. पण या प्रश्नांची उत्तरे तेथे मिळत नसतील, तर ज्येष्ठांनी त्या दिवशी आपला नेहमीचा मार्गच पायी चालावा, हे बरे.

घरच्यांनीही आग्रहाची मर्यादा ओळखली पाहिजे. मुलाच्या आनंदासाठी होकार दिलेला बाप शर्यतीच्या मध्यावर छातीतले दडपण सांगणार नाही, अशीच शक्यता अधिक. मुलाने वडिलांसोबत, वडिलांच्या गतीने धावावे. ते जमणार नसेल, तर वडिलांनी कोणाकडे आणि कोठे थांबायचे, हे आदल्या दिवशी ठरवून घ्यावे. छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीच्या मागे घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक, रक्तगट आणि चालू औषधे लिहून ठेवावीत. दारासुरम्हून चेन्नईचा सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास रात्रीच्या गाडीने करून पहाटे थेट शर्यतीला उभे राहणे टाळावे; एक दिवस आधी पोहोचावे आणि झोप घ्यावी.

नोंदणी म्हणजे अंतिम निर्णय, असे समजण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात तो तीनदा घ्यावा लागतो. पहिल्यांदा नाव देताना. दुसऱ्यांदा शर्यतीच्या तीन आठवडे आधी, सराव पुरेसा झाला का हे पाहून. आणि तिसऱ्यांदा त्या दिवशी सकाळी, शक्यतो बूट चढविण्यापूर्वी. पैसे भरले, मुलाने तिकिटे काढली, शेजाऱ्यांना सांगून झाले, म्हणून धावायचेच, हा विचार तिसऱ्या निर्णयात सर्वांत घातक ठरतो. शेवटच्या किलोमीटरमध्ये टाळ्यांच्या गजरात अचानक वेग वाढविण्याचा मोहही त्याच जातीचा.

आपल्या दारासुरम्‌च्या गृहस्थांपुरते बोलायचे, तर डॉक्टरांची हरकत नसल्यास त्यांनी नाव नोंदवावे. अंतर कमी करून घेण्याची सोय आयोजक कोणत्या तारखेपर्यंत देतात, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून ठेवावे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत, पाऊस धरूनही, आठ किलोमीटर अंतर बोलता बोलता पार होत असेल आणि दुसऱ्या दिवशी जिना नेहमीसारखा चढता येत असेल, तर दहा किलोमीटरचा गट त्यांच्या आवाक्यात आहे. तसे होत नसेल, तर त्यांनी लहान अंतराचा गट घ्यावा. ती सोय नसल्यास जानेवारीच्या त्या सकाळी मुलाच्या शेवटच्या वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभे राहावे. भरलेले शुल्क बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही.